वेबसाइट तुम्हाला लक्षात कशी ठेवते? गोष्ट 'सेशन' नावाच्या बिल्ल्याची

ऑनलाइन वीजबिल भरताना तुम्ही युजरनेम आणि पासवर्ड एकदाच टाकता. त्यानंतर बिल बघता, मागची पावती डाउनलोड करता, मोबाइल नंबर बदलता. पानं बदलत जातात, पण वरच्या कोपऱ्यात तुमचं नाव तसंच असतं. प्रत्येक पानावर कुणी 'आपण कोण?' असं विचारत नाही. मग मध्येच गॅसवरचं दूध बघायला उठता, शेजारच्या काकूंशी चार शब्द बोलता आणि परत येऊन बटण दाबलं की स्क्रीनवर येतं, 'सेशन एक्सपायर्ड'. आता पुन्हा पहिल्यापासून!

हे सेशन म्हणजे नक्की काय? आपली माहिती एका पानावरून दुसऱ्या पानावर जाते कशी? आणि मध्येच ती संपते का? बीसीए, डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंगला असलेली मुलं पहिली वेबसाइट बनवायला घेतात तेव्हा त्यांनाही हेच कोडं पडतं: डेटाबेसमधून काढलेलं नाव पहिल्या पानावर दिसतं, मग दुसऱ्या पानावर ते गायब का होतं? मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, कोडिंग नाही. म्हणून आज हे सगळं कोडच्या ओळी न लिहिता, घरातल्या भाषेत समजून घेऊ. प्रोजेक्ट करणाऱ्यांना ते उपयोगी पडेलच, पण फक्त बिलं भरणाऱ्यांनाही पडेल.

वेब मुळातच विसराळू आहे

टिम बर्नर्स-ली यांनी 'सर्न' या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली ती १९८९ साली. शास्त्रज्ञांनी एकमेकांचे कागद सहज वाचावेत हा त्यामागचा हेतू. त्यामुळे तिचा नियमही साधा होता. ब्राउझर म्हणतो, 'हे पान दे.' सर्व्हर पान देतो आणि विषय संपतो. पुढच्या क्षणी तुम्ही दुसरं पान मागितलंत, तर सर्व्हरच्या दृष्टीने तुम्ही नवीन माणूस. मघाशी कोण आलं होतं, काय मागितलं होतं, याची त्याला आठवण नसते. या नियमावलीचं नाव एचटीटीपी. वेबच्या पत्त्याच्या सुरुवातीला ही अक्षरं तुम्ही पाहिली असतील.

नुसते लेख वाचायचे असतील तर या विसराळूपणाने काही बिघडत नाही. पण दुकान उघडायचं असेल तर? एका पानावर टोपलीत साडी टाकली आणि पैसे भरायच्या पानावर गेलं की टोपली रिकामी, असं चालणार नाही. म्हणून १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुण प्रोग्रॅमरने एक युक्ती काढली. सर्व्हरने ब्राउझरजवळ एक छोटी नोंद ठेवायला द्यायची आणि ब्राउझरने पुढच्या प्रत्येक वेळी ती न विसरता दाखवायची. हीच ती कुकी. प्रोग्रॅमर लोकांमध्ये 'मॅजिक कुकी' हा शब्द आधीपासून रुळलेला होता, त्यावरून हे नाव आलं. बिस्किटाशी तिचा संबंध एवढाच.

चप्पल स्टँडचा बिल्ला

मोठ्या देवळाबाहेर चप्पल स्टँड असतो. तुम्ही चपला देता, तो माणूस त्या एका खणात ठेवतो आणि त्या खणाचा नंबर असलेला बिल्ला तुमच्या हातात देतो. चपला त्याच्याकडे, बिल्ला तुमच्याकडे. परत आल्यावर तो तुमचा चेहरा बघत नाही, बिल्ला बघतो.

सेशन अगदी असंच चालतं. तुम्ही लॉगिन केलंत की सर्व्हर तुमच्यासाठी एक खण उघडतो आणि त्यात तुमच्याबद्दलची एक चिठ्ठी ठेवतो. त्या खणाचा नंबर, म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक माळ, कुकीमधून तुमच्या ब्राउझरला देतो. ही माळ म्हणजे सेशन आयडी. तुम्ही पुढचं पान उघडता तेव्हा ब्राउझर गुपचूप बिल्ला दाखवतो, सर्व्हर खण उघडून चिठ्ठी वाचतो आणि तुम्हाला नावाने हाक मारतो.

इथे एक फरक लक्षात ठेवा. तुमच्या हातात फक्त नंबर असतो, चिठ्ठी सर्व्हरकडे असते. म्हणून सेशनमधली माहिती कुणी आपल्या ब्राउझरमध्ये बसून खोडूबदलू शकत नाही. पण बिल्ला ज्याच्या हातात, चपला त्याच्या, हा नियम मात्र इथेही लागू होतो. त्याकडे पुढे येऊच.

मोठी वही आणि छोटी चिठ्ठी

आता डेटाबेस कुठे आला? समजा, तुमच्या मुलीने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हाउसिंग सोसायटीची वेबसाइट बनवायला घेतली आहे. डेटाबेस म्हणजे सोसायटीच्या ऑफिसातली मोठी वही. त्यात प्रत्येक सभासदाचा क्रमांक, नाव, फ्लॅट नंबर, थकबाकी, आणि तो साधा सभासद आहे की खजिनदार, असं सगळं लिहिलेलं आहे. ही वही कायमची. वीज गेली, सर्व्हर बंद करून चालू केला, तरी तिच्यातलं लिखाण राहतं.

लॉगिनच्या पानावर सभासदाने नाव-पासवर्ड टाकला. वेबसाइटने वही उघडली, पासवर्ड जुळतो का पाहिलं आणि जुळल्यावर त्या ओळीतल्या एक-दोन गोष्टी चिठ्ठीवर उतरवून घेतल्या: सभासद क्रमांक १७, फ्लॅट ए-१०२. ही चिठ्ठी म्हणजे सेशन, आणि तिच्यावरची प्रत्येक नोंद म्हणजे एक सेशन व्हेरिएबल. पुढच्या पानाने फक्त खण उघडायचा आणि १७ हा क्रमांक वाचायचा.

पीएचपी ही वेबसाइट बनवण्याची फार वापरली जाणारी भाषा. २००० साली आलेल्या तिच्या चौथ्या आवृत्तीपासून ही सोय तिच्यात तयारच मिळते. तरी नवशिक्यांचं घोडं एका ठिकाणी हमखास अडतं. खण उघडायची सूचना प्रत्येक पानाला स्वतंत्रपणे द्यावी लागते, तीही पानाचं पहिलं अक्षर ब्राउझरकडे जाण्याआधी. कारण बिल्ला पाकिटावर लिहून जातो आणि मजकूर पाकिटात. पाकीट रवाना झाल्यावर त्याच्यावर काही लिहिता येत नाही. पहिल्या पानावर दिसलेलं नाव दुसऱ्या पानावर गायब होतं, तेव्हा बहुतेक वेळा ही सूचना तरी राहून गेलेली असते किंवा उशिरा दिलेली असते.

इथपर्यंत जमलं की प्रोजेक्ट 'चालतो'. पण खरी गंमत आणि खरा धोका यानंतरचा आहे.

नक्कल शिळी होते

चिठ्ठी ही वहीची नक्कल आहे. ती ज्या क्षणी उतरवली, त्या क्षणापुरती खरी. नंतर वहीत काय बदललं हे तिला आपोआप कळत नाही.

समजा, लॉगिनच्या वेळी थकबाकीही चिठ्ठीवर लिहून ठेवली: ३,२०० रुपये. आजोबांनी सकाळी कॉम्प्युटरवर साइट उघडून ठेवली. दुपारी आजींनी स्वतःच्या मोबाइलवरून पैसे भरले. वहीत थकबाकी शून्य झाली, पण कॉम्प्युटरवरच्या सेशनमधली चिठ्ठी अजून ३,२०० म्हणते. संध्याकाळी आजोबा तो आकडा बघून पुन्हा पैसे भरतात. इथे आजोबाही चुकले नाहीत आणि आजीही. चूक चिठ्ठीवर नको ती गोष्ट लिहिणाऱ्याची.

याहून गंभीर प्रकार अधिकाराचा. वार्षिक सभेत खजिनदार बदलले आणि वहीत नवीन नाव लागलं. पण जुन्या खजिनदारांचं लॉगिन अजून चालू आहे आणि त्यांच्या चिठ्ठीवर 'खजिनदार' असंच लिहिलेलं आहे. वेबसाइट फक्त चिठ्ठी वाचत असेल, तर लॉगआउट होईपर्यंत हिशेबाची पानं त्यांना उघडीच राहतील. सोसायटीत हे एकवेळ चालून जाईल. पण हाच प्रकार ऑफिसातून काढून टाकलेल्या कर्मचाऱ्याबाबत किंवा पेशंटचे रिपोर्ट बघण्याचा अधिकार गेलेल्या माणसाबाबत झाला तर?

म्हणून साधा नियम असा: चिठ्ठीवर 'तुम्ही कोण' एवढंच लिहायचं. 'तुमचे किती पैसे बाकी' आणि 'तुम्हाला काय करायची परवानगी आहे' हे ज्या क्षणी लागेल त्या क्षणी वहीतच बघायचं. वही उघडायला क्षणाचाही छोटा भाग लागतो. तेवढा वेळ वाचवण्यासाठी शिळा आकडा दाखवणं परवडत नाही.

दोन टॅब, एकच चिठ्ठी

हा घोटाळा तर अनुभवी लोकांच्याही नजरेतून सुटतो. समजा, एका ताईंचे त्याच सोसायटीत दोन फ्लॅट आहेत. स्वतःचा ए-१०२ आणि आईवडिलांचा बी-३०४. वेबसाइटने 'सध्या निवडलेला फ्लॅट' सेशनमध्ये ठेवला आहे.

ताईंनी एका टॅबमध्ये ए-१०२ चं बिल उघडलं. चिठ्ठीवर लिहिलं गेलं ए-१०२. मग तुलना करायला दुसऱ्या टॅबमध्ये बी-३०४ चं बिल उघडलं. चिठ्ठीवर जुनं खोडून बी-३०४ लिहिलं गेलं, कारण टॅब दोन असले तरी ब्राउझर एक, बिल्ला एक आणि चिठ्ठीही एकच. आता ताई पहिल्या टॅबवर परत येतात. डोळ्यांसमोर ए-१०२ चं बिल आहे. त्या 'पैसे भरा' दाबतात. सर्व्हर चिठ्ठी बघतो आणि पैसे जमा करतो बी-३०४ च्या नावावर!

यावरचा उपाय असा. कोणत्या फ्लॅटचे पैसे भरायचे हे चिठ्ठीवर न ठेवता त्या पानातच ठेवायचं आणि बटण दाबल्यावर ते पानाबरोबर पाठवायचं. म्हणजे जे डोळ्यांना दिसतं तेच भरलं जाईल. पण पानातून आलेला नंबर कुणी मुद्दाम बदलूनही पाठवू शकतं. म्हणून सर्व्हरने वही उघडून पाहायचं की सभासद १७ च्या नावावर हा फ्लॅट खरंच आहे का. 'कोण' हे सेशनमधून, 'काय' हे पानातून आणि 'चालेल का' हे डेटाबेसमधून. प्रोजेक्ट करणाऱ्यांनी हे एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

पैसे भरताना 'बॅक किंवा रिफ्रेश दाबू नका' अशी सूचना येते, तिच्यामागेही हेच कारण असू शकतं. बॅक दाबलं की तुमच्या स्क्रीनवर मागचं पान येतं, पण सर्व्हरकडची नोंद पुढे गेलेली असते. दोघांचा मेळ बसत नाही.

चिठ्ठीवर काय लिहावं, काय नाही

लिहायला हरकत नाही:
• सभासद किंवा ग्राहक क्रमांक
• हाक मारण्यापुरतं नाव
• निवडलेली भाषा, मराठी की हिंदी की इंग्रजी
• खरेदीच्या टोपलीत कोणत्या वस्तू आहेत (त्यांची किंमत मात्र पैसे भरताना वहीतूनच घ्यावी)

लिहू नये:
• पासवर्ड, कोणत्याही रूपात
• शिल्लक, थकबाकी, शेवटच्या सीटचा आकडा, म्हणजे जे जे दुसरीकडून बदलू शकतं ते
• डेटाबेसमधली शेकडो ओळींची अख्खी यादी. एका माणसाची चिठ्ठी जड झाली तर चालतं, पण हजार माणसं एकदम आली की सर्व्हरचे खण भरून वाहतात

आणखी एक गोष्ट. लॉगिन यशस्वी झालं की बिल्ल्याचा नंबर बदलून नवा द्यावा. नाहीतर कुणी आधीच ठरवून दिलेला बिल्ला तुमच्या हातात खपवून, तुम्ही लॉगिन केल्यावर तोच नंबर स्वतः वापरू शकतं.

बिल्ला दुसऱ्याच्या हाती लागला तर

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये एरिक बटलर या अमेरिकी प्रोग्रॅमरने 'फायरशीप' नावाचं एक छोटं साधन सगळ्यांसाठी खुलं केलं. ते फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचं आणि पासवर्ड नसलेल्या फुकटच्या वायफायवर जाऊन बसायचं. आसपासच्या टेबलांवर कुणी फेसबुक किंवा ट्विटर वापरत असेल तर त्याचं नाव यादीत यायचं. नावावर क्लिक केलं की थेट त्याच्या अकाउंटमध्ये प्रवेश! पासवर्ड कुणाचाच चोरला जात नव्हता. त्या काळी अनेक साइट फक्त लॉगिनचं पान सुरक्षित ठेवत आणि नंतरच्या पानांवर बिल्ला हवेतून उघडाच पाठवत. हे साधन तोच उचलत होतं.

बटलर यांना हाच निष्काळजीपणा लोकांना दाखवायचा होता, आणि त्याचा परिणामही झाला. २०११ च्या सुरुवातीच्या महिन्यांत फेसबुक आणि ट्विटर यांनी पूर्ण वेळ सुरक्षित जोडणीचा पर्याय दिला. आज बहुतेक साइटच्या पत्त्यात एचटीटीपीच्या पुढे जो 'एस' असतो, तो बिल्ला बंद पाकिटातून नेतो.

तरीही धोका संपला नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की 'व्ह्यू ॲज' या सोयीतल्या त्रुटीमुळे हल्लेखोरांच्या हाती लोकांची टोकन लागली आहेत. टोकन म्हणजे बिल्ल्याचंच काम करणारी किल्ली. कंपनीने खबरदारी म्हणून सुमारे ९ कोटी अकाउंटचे जुने बिल्ले रद्द केले आणि त्या सगळ्यांना पुन्हा लॉगिन करावं लागलं. प्रत्यक्षात सुमारे ३ कोटी लोकांची टोकन चोरली गेली होती, असं नंतर कंपनीने सांगितलं. पासवर्ड कितीही अवघड ठेवलेला असता तरी इथे तो कामाला आला नसता, कारण चोर पासवर्डच्या दारातून आलाच नव्हता.

मग 'सेशन एक्सपायर्ड' चांगलं की वाईट?

चांगलंच. बिल्ला जितका वेळ चालू, तितकाच तो दुसऱ्याच्या हाती पडण्याचा धोका. म्हणून काही वेळ हालचाल झाली नाही की सर्व्हर खण रिकामा करतो. पीएचपीमध्ये कुणी काही बदललं नसेल तर १,४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं पडून राहिलेली चिठ्ठी टाकून देण्याजोगी धरली जाते. एएसपी डॉट नेटमध्ये ही मुदत २० मिनिटांची असते. बँका त्याहूनही कमी ठेवतात. चिडचिड होते खरी, पण सायबर कॅफेत आजोबा पेन्शनचं पान उघडं टाकून उठले, तर हीच मुदत त्यांच्या पैशांची राखण करते.

मोबाइलवरच्या ॲपची गोष्ट वेगळी. तिथे पुष्कळदा बिल्ला महिनोन्‌महिने चालतो, म्हणून ॲप रोज पासवर्ड विचारत नाही. फोनला स्क्रीनलॉक हवा तो यासाठीच. फोन हरवला की बिल्लेही त्याच्याबरोबर जातात.

घरातल्या सगळ्यांसाठी

• दुसऱ्याच्या किंवा सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर नुसता टॅब बंद करून उठू नका. टॅब बंद केल्याने बिल्ला रद्द होत नाही. लॉगआउटच दाबा. शक्यतो सुरुवातीलाच इन्कॉग्निटो विंडो उघडा.
• लॉगआउटनंतर बॅक दाबून जुनं पान दिसलं तर लगेच घाबरू नका. ते बहुधा ब्राउझरने जपलेलं चित्र असतं. त्यावर एखादं बटण दाबून बघा. पुन्हा लॉगिन मागितलं तर सगळं ठीक आहे.
• व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' आणि गूगल अकाउंटमध्ये 'युअर डिव्हायसेस' अधूनमधून बघा. ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर तिथूनच लॉगआउट करा.
• अकाउंटमध्ये कुणी शिरल्याची शंका आली तर पासवर्ड बदलाच, शिवाय 'सर्व डिव्हाइसवरून लॉगआउट' हाही पर्याय वापरा. कुलूप बदललं तरी आत बसलेला पाहुणा आपोआप बाहेर जात नाही.
• पैसे भरताना एकाच साइटचे दोन टॅब उघडू नका. आणि आकडा जुना वाटला तर आधी पान रिफ्रेश करा, मग पैसे भरा.
• 'हा कोड ब्राउझरमध्ये पेस्ट करा, बक्षीस मिळेल' असं कुणी सांगितलं तर करू नका. तो कोड तुमचा बिल्लाच काढून नेण्यासाठी असू शकतो.

प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांना एकच सांगणं. तुमच्या साइटवरचं लॉगआउटचं बटण नुसतं पहिल्या पानावर नेणारं नको. त्याने सर्व्हरवरची चिठ्ठी खरोखर फाडली पाहिजे. परीक्षक कदाचित हे तपासणार नाहीत. पण उद्या तुम्ही बनवलेल्या साइटवर कुणाची तरी आई सायबर कॅफेतून बिल भरत असेल. लॉगआउट दाबलं म्हणजे आपलं काम निर्धास्तपणे संपलं, असं ती धरून चालणार आहे.